शनिवारचा रंग

३ ऑगस्ट

वन्सं,

तुम्ही तुमच्या फोनवर माझा नंबर अडवून ठेवलाय, पण पोस्टमनला अडवायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं माझं अक्षर बघून ते तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकायचा मोह झाला असेल. टाकलं नाहीत, वाचताय, म्हणजे निम्मा राग गेला असं मी धरून चालते.

दोन वर्षांपूर्वी ठमीला तुमच्याकडे ठेवून घेण्यावरून आपल्यात जे झालं ते उकरून काढायला मी बसलेली नाही. तुम्ही म्हणालात, आई दिवसभर लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करत बसते, बाप बोटीवर, मग मुलीकडे बघतं कोण? मी म्हणाले, मुलगी आहे ती, तुमच्या रोपवाटिकेतलं रोप नव्हे, इथून उपटून तिथे लावायला. पुढे दोघींनीही तोंड आवरलं नाही. असो. मुलीकडे बघतं कोण, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे, आणि ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

झालं असं, की ठमीच्या वर्गातल्या एका मुलानं शाळा सोडली. पोहायला गेलेला असताना कुणीतरी त्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली पुढे महिनाभर पोरांनी जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. शेवटपर्यंत त्याच्या आईवडिलांना पत्ता नव्हता. मग शाळेनं पालकसभा बोलावली. एरवी सभेला दहाबारा डोकी जमतात, या वेळी खुर्च्या कमी पडल्या. जो तो शेजारच्याच्या मुलाविषयी संशय धरून बसला होता, स्वतःच्या मुलाविषयी कुणीच नाही.

तेव्हा शाळेच्या समुपदेशक बाई उठल्या. म्हणाल्या, आपलं मूल आपल्यापासूनच सगळ्यात जास्त लपवतं, आणि त्याचं काही वावगं दिसलं तर आपणही डोळे झाकतो. म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याच्या मुलाचा फोन वाचायचा. त्यासाठी त्यांनी एक ॲप करून घेतलंय, नाव 'राखण'. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक पालकाला एकेक मूल दिलं. नाव कळत नाही, नुसता क्रमांक. मुलाच्या फोनवर जे येतं-जातं, ते आपल्या फोनवर दिसतं. माणसांची नावं आली की तिथे ठिपके. मुलांना माहीत असतं की कुणीतरी वाचतंय, पण कोण ते कळत नाही. आपण उत्तर द्यायचं नाही, ओळख काढायची नाही, बाहेर बोलायचं नाही. दर शनिवारी फक्त एक रंग द्यायचा. ठीक असेल तर हिरवा, काही खटकलं तर पिवळा, धोका वाटला तर लाल. वाटल्यास शेरा लिहायला खाली एक ओळ आहे. तो रंग मुलाच्या घरी जातो. लाल आला की शाळा सगळं उघडून चौकशी करते, कोण कोण गुंतलंय ते शोधून काढते.

सभेत सगळ्यात आधी हात वर केला तो मी. बाई म्हणाल्या, अशा आया हव्यात. तुम्ही तिथे असतात तर बरं झालं असतं.

ठमीचा पहिला रंग काल आला. हिरवा.

तुमची (नावडती) भावजय


२४ ऑगस्ट

वन्सं,

पोस्टकार्ड पोचलं. चार ओळी लिहिल्यात आणि त्यातल्या तीन ठमीसाठी. चौथीत माझी विचारपूस असेल म्हणून उलटून बघितलं, तर तिथे तुमच्या जास्वंदीला लागलेला मावा. आता तुमचा राग जातोय याची खात्री पटली.

ठमी बोलत का नाही, असं विचारलंय तुम्ही. पंधरा वर्षांची मुलगी आईशी कधी बोलते? शाळेतून आली की खोलीचं दार लावून घेते. मध्यंतरी पोट दुखतंय म्हणून बऱ्याचदा घरी राहिली. एकदा म्हणाली, आई, तू दुसरं काही काम का नाही करत? मी म्हटलं, बाई गं, लोकांना चावता यावं म्हणून कुणीतरी कवळ्या करायला हव्यातच की. ती उठून गेली. पण दर शनिवारी हिरवा येतो, म्हणजे काळजीचं कारण नाही.

आणि खरं सांगू? आता ती बोलायला लागलीय. माझ्या वाट्याला आलेल्या मुलीमुळे. ही ठमीपेक्षा लहान असावी. बोलताना अडखळते. एकेक शब्द कुरतडत बाहेर काढते म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलंय खारूताई. रोज संध्याकाळी ती स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करते आणि स्वतःलाच पाठवते, दुसऱ्या कुणाला नाही. शाळेतून घरी जाताना वाटेवरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचते. 'पडदे व गाद्या.' 'किल्ल्या करून मिळतील.' 'शिलाई यंत्र दुरुस्ती.' अडखळली की परत पहिल्या पाटीपासून. 'किल्ल्या'पाशी रोज गाडी अडते. मग स्वतःलाच दटावते, 'चल, पुन्हा.' वन्सं, ऐकताना माझेच ओठ हलतात. मेणात दात बसवता बसवता कानात तिचा आवाज लावून बसते. परवा ती 'किल्ल्या' एका दमात म्हणाली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या, शेजारचा प्लास्टर ओतणारा बघत राहिला.

हे मी जेवताना ठमीला सांगितलं. नाव सांगितलं नाही, मला माहीतच नाही, तेव्हा नियम मोडला असं काही म्हणता येणार नाही. आधी ती फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मग तिनं फोन बाजूला ठेवला. विचारलं, 'अडखळते म्हणजे कशी?' मी करून दाखवलं. थोडी हसलो आम्ही, वाईट मनानं नव्हे. आता रोज जेवायला बसलं की तीच विचारते, 'आई, आज काय म्हणाली गं तुझी खारूताई?' मीही दिवसभराचं राखून ठेवते तिच्यासाठी. किती दिवसांनी मुलगी माझ्यासमोर पंधरा मिनिटं बसतेय म्हणून सांगू.

तुमची भावजय


१४ सप्टेंबर

वन्सं,

आधी आनंदाची बातमी. ठमीची कळी खुलली आहे. पोटदुखी गेली, दार उघडं असतं. तिच्या वर्गात पाचसहा जणींचं एक टोळकं आहे, सगळ्या शाळेवर त्यांचा वचक. त्यातल्या एकीनं तिला वाढदिवसाला बोलावलं. मी स्वतः सोडायला गेले. दार उघडणारी पोरगी आत ओरडली, 'ए, कवळी आली!' मी चमकले. परत येताना ठमीला विचारलं, तर म्हणाली, 'जुनं आहे ते. आता तसं नाही म्हणत, सवयीनं आलं तोंडात.'

जुनं म्हणजे कधीचं? तर जूनपासूनचं. तिच्या फोटोवर कवळी चिकटवून फिरवत होत्या. मधल्या सुट्टीत तिच्या डब्याजवळ तोंडं बोळकी करून बसायच्या. जूनपासून, वन्सं, आणि ऑगस्टपासून मला दर शनिवारी हिरवा येत होता. ज्या कुणाच्या वाट्याला माझी मुलगी आहे त्याला हे पोरखेळ वाटले असतील. मी समुपदेशक बाईंकडे तक्रार करायला निघाले होते. ठमी म्हणाली, 'आई, प्लीज. मिटलंय आता. कसं ते विचारू नकोस.' मी विचारलं नाही. मुलगी हसतेय तर कशाला उगाच खपली काढा.

खारूताईचं मात्र बिनसलंय. मागच्या आठवड्यात मंगळवारी तिच्या फोनवर कुणीतरी आवाज पाठवला. पाट्यांची नक्कल. 'प-प-पडदे व गाद्या', मग 'कि-कि-कि', आणि 'चल, पुन्हा'सुद्धा. मागे दोघीतिघी हसताहेत. मी पुरतं ऐकलं नाही. ते रेकॉर्डिंग तिनं कुणालाही पाठवलेलं नव्हतं, मग या पोरींना कळलं कसं? वाटेत जाताना ऐकलं असेल कुणी. रस्त्यावर मोठ्यानं वाचायचं म्हटलं की चार लोकांच्या कानावर जाणारच.

मी पिवळा दिला. शाळेनं तिला बोलावून विचारलं असणार आणि ती काहीच बोलली नसणार, कारण सोमवारी ॲपवर कागदोपत्री सगळं मिटलं होतं. पाट्या वाचणं तिनं थांबवलेलं नाही. पण आता फार हळू वाचते.

ठमी अजूनही विचारते. मी म्हटलं, आज काही विशेष नाही.

तुमची भावजय


३० सप्टेंबर

वन्सं,

एक मागणं आहे. ठमीला थोडे दिवस तुमच्याकडे ठेवून घ्याल का? हवापालट होईल. आत्याची आठवण काढत असते. रोपं उपटण्यावरून मी जे बोलले होते ते तुमच्या लक्षात असणारच, तेव्हा खुशाल चार शब्द सुनवा, मी मान खाली घालून ऐकेन. शाळेला मी आजारपणाचं कळवते. तुमच्याकडे आहे असं शाळेत सांगणार नाही, उगाच चौकशा नकोत. तुमच्या भावालाही बोटीवर कळवलेलं नाही. इतक्या लांबून जिवाला घोर लावून तो करणार काय?

तब्येत ठीक आहे तिची. तसं काही मनात आणू नका.

खारूताईला आता शाळेत सगळेच खारूताई म्हणतात. हे नाव कुठून आलं ते मला विचारू नका.

तिच्या फोनवर दिवसाला शंभर निरोप येतात. खारीची चित्रं, शेंगदाण्यांची चित्रं, नकला. ती उत्तर देत नाही. संध्याकाळी स्वतःला लिहिते. परवा लिहिलं, 'जो कोणी हे वाचतोय, त्यानं ठरवावं.' त्याच्या आदल्या दिवशी, 'वाचणाऱ्या माणसा, तू आहेस ना?' नियम असा आहे की उत्तर द्यायचं नाही.

शनिवारी मी हिरवा दिला. लाल दिला असता तर शाळेनं सगळ्यांचे फोन उघडले असते. अशा गोष्टी पोरं पोरं आपसात मिटवतात, बाहेरच्यांनी नाक खुपसलं की चिघळतात. त्याच्या आधीच्या शनिवारीही हिरवाच दिला होता.

लवकर कळवा.

भावजय


१० ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार

वन्सं,

'पाठव, कारण विचारत नाही,' एवढंच लिहिलंत. तुम्ही विचारलं असतंत तर मी काहीतरी थाप मारली असती. विचारलं नाहीत म्हणून सांगावं लागतंय.

ठमी काल पोचली असेल. बसच्या ड्रायव्हरला सांगून पुढची जागा दिली होती. तिच्याकडे फोन आहे, चार्जर विसरली आहे.

नक्कल केलेला तो आवाज मी शेवटी पुरता ऐकला. मागे जे हसू आहे त्यातलं एक शेवटी उचकी लागल्यासारखं तुटतं. तुमचा भाऊ तसा हसतो. त्याच्याशिवाय तसं हसणारं आमच्या घरात एकच माणूस आहे. पहिल्यांदा अर्धवट ऐकलं त्याच दिवशी मला कळलं होतं. तुम्हाला पत्रात लिहिलं नाही, स्वतःलाही सांगितलं नाही. मग खारूताई हे नाव शाळाभर झालं. ते नाव माझ्या जेवणाच्या टेबलापलीकडे कधी गेलेलं नव्हतं. त्यानंतर स्वतःला फसवायलाही जागा उरली नाही.

बुधवारी ठमीला समोर बसवलं. ती रडली नाही, उलट माझ्यावरच चिडली. म्हणाली, 'तू अडखळण्याचं करून दाखवलंस तेव्हाच मला कळलं कोण ते. अख्ख्या शाळेत तशी एकच आहे.' मी म्हटलं, 'मग मला थांबवायचं नाही का?' तर म्हणाली, 'तू हसत होतीस ना, आई.' टोळक्यानं तिला विचारलं होतं, तुझ्याकडे काही भारी असेल तर सांग, मग तुला सोडू. तिनं पाट्या दिल्या. त्यांचं तेवढ्यावर भागेना, म्हणून रोज जेवताना माझ्याकडून नवीन काढून घ्यायची. मला वाटत होतं लेक माझ्याशी बोलायला बसतेय.

म्हणून हिरवा दिला, वन्सं. लाल दिला असता तर माझ्या ठमीचं नाव सगळ्यात वर आलं असतं, आणि माझं तिच्याही वर. आधी मुलीला सुरक्षित हलवू, मग लाल देऊ, असा हिशेब केला. दोनतीन शनिवारांनी काय होतंय असं वाटलं.

काल संध्याकाळी खारूताईचं रेकॉर्डिंग आलं. तिनं सगळ्या पाट्या पहिलीपासून शेवटपर्यंत एका दमात वाचल्या. कुठेही अडखळली नाही. 'किल्ल्या करून मिळतील' इतकं स्वच्छ म्हणाली, की मला आनंद व्हायला हवा होता. शेवटची पाटी झाल्यावर म्हणाली, 'झालं वाचून. आता बोलायचं काही उरलं नाही.' त्यानंतर तिच्या फोनवर तिचा एक शब्द नाही. येणारे निरोप तेवढे येताहेत.

सकाळपासून कामात लक्ष नाही, एका म्हाताऱ्यांच्या कवळीत खालचे दात वर बसवले. समुपदेशक बाईंना फोन केला, तर त्या सोमवारपर्यंत बाहेरगावी. त्यांच्या जागेवरची मुलगी म्हणाली, लाल उद्याच देता येईल, आज शुक्रवार आहे. मी म्हटलं, मला त्या मुलीचं घर सांगा. ती म्हणाली, ओळख काढायची नाही हा नियम तुम्ही पालकांनीच सभेत मान्य केलाय ना?

घर मला माहीत नाही. पण पाट्या माहीत आहेत, आणि त्या कोणत्या क्रमानं येतात तेही. पत्र इथेच ठेवते आणि निघते.


११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

वन्सं,

कालचं पत्र टाकलं नाही, दोन्ही एकाच पाकिटात घालतेय.

शाळेच्या फाटकापासून तिचं जुनं रेकॉर्डिंग कानात लावून चालायला लागले. डावीकडे पडदे व गाद्या लागलं. पुढे किल्लीवाला, लाकडी टपरीत बसून कानस घासत होता. मग शिलाई यंत्र. एक पाटी काढून टाकलेली, तिथे मी चुकले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. एकीकडे धावावंसं वाटत होतं आणि दुसरीकडे तिथे पोचूच नये असंही. शेवटची पाटी 'जिन्याखाली सायकली लावू नयेत' अशी. ती दुकानाची नव्हतीच, एका जुन्या इमारतीच्या जिन्यावरची होती. खालच्या बाईला विचारलं, बोलताना अडखळते ती मुलगी कुठे राहते? ती म्हणाली, 'दुसरा मजला. पण कालपासून दिसली नाही हो. आई नर्स आहे, तिची दिवसपाळी असते.'

दुसऱ्या मजल्यावरची बेल मी किती वेळ दाबून धरली होती कोण जाणे. आत काही हालचाल नाही. तेवढ्या वेळात मनात जे येऊन गेलं ते लिहवत नाही. मग साखळी न काढता दार उघडलं. फटीतून एक डोळा दिसला.

माझा जीव भांड्यात पडला. मी जिन्याच्या पायरीवर बसलेच. म्हटलं, 'बाळा, मी शाळेतल्या एका मुलीची आई. तू बरी आहेस ना?' तिनं नुसतं बघितलं. म्हटलं, 'काही बोल गं. हळू बोललीस तरी चालेल.' तिनं मान हलवली, नाही. ती खरोखरच बोलणं सोडून बसली होती, वन्सं. हातातल्या फोनवर तिनं काहीतरी लिहिलं, मला दाखवायला म्हणून.

आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पर्सकडे. पुन्हा एक शब्द लिहिला. पर्स पुन्हा वाजली. तिनं साखळी काढली.

आत छोटंसं स्वयंपाकघर, ओट्यावर झाकलेलं ताट, जेवलेली नव्हती. आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. ती लिहायची आणि मी माझ्या फोनवर वाचायचे, गेले दोन महिने वाचत होते तसंच, फक्त आता ती हाताच्या अंतरावर होती. तिनं लिहिलं, 'काकू तुम्हीच ना.' मी हो म्हटलं. 'मला वाटलं होतं कुणी आजोबा असतील, त्यांना नीट दिसत नसेल.' मग, 'शनिवारी आई म्हणायची हिरवा आलाय, शाबास.' आणि मग, 'मी लाल व्हावा म्हणून लिहायचे.'

मी तिचा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला.

आई येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. उठून जाणं सोपं होतं, ती मुलगी काही अडवत नव्हती. संध्याकाळी आई आली, पायातले बूटही काढले नव्हते. मला बघून घाबरली. मी सगळं सांगितलं. पाट्या, जेवणाचं टेबल, करून दाखवलेलं अडखळणं, ठमीचं हसू, तीन हिरवे. माझ्या मुलीचं नावही सांगितलं, आपलं आडनावही. वाटलं होतं ही बाई माझ्या झिंज्या उपटेल. तिनं आधी मुलीला जवळ घेतलं. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, 'मला का नाही सांगितलंस गं, मी होते ना,' असं पुन्हा पुन्हा म्हणत. मुलगी तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. रडण्याचा तरी आवाज आला.

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, 'तुम्हाला माफबिफ करायला मला आत्ता वेळ नाही. एकच सांगा. तुम्ही माझ्या मुलीचं वाचत होता. तुमच्या मुलीचं कोण वाचत होतं?'

मी म्हटलं, 'माहीत नाही.'

'त्या माणसाला तर सगळंच दिसत होतं ना? तुमच्या मुलीला छळत होते तेही, आणि तिनं माझ्या मुलीला पुढे केलं तेही. तरी त्यानं हिरवा दिला?'

मी घरी आले ते हाच विचार करत. ऑगस्टपासून, वन्सं. पहिल्या दिवसापासून कुणीतरी ठमीची अक्षरन् अक्षर वाचतंय. कवळीचे फोटो बघितले, तिचं रात्रीचं रडगाणं वाचलं, टोळक्याशी झालेला सौदा वाचला, मी जेवताना सांगितलेलं तिकडे पोचताना बघितलं. आणि दर शनिवारी हिरवा. मी तरी माझ्या मुलीसाठी गप्प बसले. हे माणूस कशासाठी गप्प बसलंय? त्याच्या घरी जेवताना काय बोलणं होतं?

आज उजाडताच मी खारूताईला लाल दिला. सोमवारी शाळेत सगळं उघडेल. ठमीला घेऊन तुम्ही या, उद्याच या. ती त्या मुलीसमोर बसेल आणि जे केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगेल, मी शेजारी असेन. तिला तुमच्याकडे लपवायला पाठवलं होतं, ते चुकलं. तिला जे काही तुमच्याशी बोलायचंय ते तोंडानं बोलू दे. फोनवर तिला एक अक्षर लिहू देऊ नका. तिचा फोन बंद करा, बंद म्हणजे पार बंद. लॅबच्या फोनवरून तुम्हाला लावून बघितला, पण अनोळखी नंबर तुम्ही उचलत नाही. ठमीच्या फोनवर लावायचा नाही असं मी ठरवलंय. हे पाकीट परवाच्याच बस ड्रायव्हरच्या हातात देतेय, तो संध्याकाळी तुमच्या दारात आणून देईल.

पाकीट बंद करत होते तेवढ्यात ठमीचा आजचा रंग आला. हिरवाच आहे. पण या वेळी खालच्या ओळीत शेरा लिहिलाय, आजवर कधीच नव्हता. लिहिलंय, 'मुलगी आत्याकडे छान रमली आहे. आत्याची रोपवाटिका सुंदर आहे.'

वन्सं, ठमी तुमच्याकडे आहे हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही.